जिंकणाऱ्यानं द्यायचं

पोलादपुरात मी खोली शोधत होते तेव्हा चार घरमालकांनी मला आधी आडनाव विचारलं. ते सांगितलं की प्रत्येकाला आठवायचं, की अरे, आपला मुंबईचा भाचा पुढच्याच आठवड्यात इथे राहायला येणार आहे. त्या वर्षी पोलादपूरला इतके भाचे येणार होते की एसटीला जादा गाड्या सोडाव्या लागल्या असत्या. पाचव्या दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ उघड्या अंगाने विडी ओढत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वडिलांच्या डोक्यावरच्या ट्रंकेकडे पाहिलं आणि म्हणाले, "खोली एक, खिडकी एक, मोरी आतच. पावसात एका कोपऱ्यात गळते, ते आधीच सांगतो. बोला."

काय बोलू, ते मला कळेना. वडील हळूच म्हणाले, अगं, भाडं विचारतायत. मी चाचरत एक आकडा सांगितला. ते गृहस्थ लगेच अंगणाकडे वळले आणि खड्या आवाजात म्हणाले, "नात्याचे शेठ दोन रुपये जास्त बोलले." मी अंगणात पाहिलं. तिथे एक कोंबडी होती. आम्ही महाडचे, त्यामुळे नाते हे गाव आम्हाला ठाऊक होतं, पण तिथले शेठ काही दिसेनात. मी दोन रुपये वाढवले. शेठनी आणखी एक वाढवला. मलाही चेव चढला आणि मी पुढे बोलणार, एवढ्यात आतून एक ठेंगणी, ठसठशीत कुंकू लावलेली बाई बाहेर आली. "मास्तरीण हाय ती. पयलं बोलली तेच घ्या," असं म्हणून तिने ट्रंक उचलली आणि सरळ आत नेली. अशी मी काका-काकींच्या घरात राहायला गेले.

काकांना गावात बोलीवाले म्हणत. एका लाकूडव्यापाऱ्याच्या वखारीत त्यांनी उभा जन्म लिलाव पुकारण्यात घालवला होता. सागाच्या थप्प्या पुकारायच्या. उमरठच्या बाजूची आंब्याची झाडं मोहरावर असतानाच पुकारायची. दासगावकडून कुणी बोलावलं तर तरीचा, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीचा, मक्ता पुकारायचा, जत्रा झाली की देवापुढचे नारळ. मी गेले तेव्हा ते निवृत्त झाले होते, पण त्यांच्या आवाजाला ते कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे उठून तोंड धुताना ते जी खाकर काढत, तिने माझ्या शाळेतली पोरं गजराचं काम भागवत.

लिलावात गिऱ्हाईक थंड पडलं की मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी नावावर बोली चढवायची, ही त्या धंद्यातली जुनी लबाडी. काकांचं त्यासाठी ठरलेलं नाव म्हणजे नात्याचे शेठ. कुठले शेठ, असं कुणी खोदून विचारलंच तर ते म्हणत, "आपल्या नात्याचे." नाते गावचे की नात्यातले, ते ऐकणाऱ्याने ठरवावं. हे शेठ वखारीतून निवृत्त झाले नाहीत. ते काकांबरोबर घरी आले आणि शेवटपर्यंत घरातच राहिले. चहा कुणाला आधी, पेपर कुणाला आधी, सगळ्यात त्यांची बोली असायची.

बाजारात काकांना एकटं पाठवायची काकीला हिंमत नव्हती. सुक्या बोंबलांचा वाटा कोळणीने एका भावाला सांगितला, की जग त्याच्या खाली उतरायला बघतं. काका वर चढत. "एवढ्या मालाला एवढंच? मालाला काय वाटंल?" असं म्हणून ते स्वतःच्याच विरुद्ध बोली वाढवायचे. कोळणी त्यांना देवमाणूस म्हणत. काकी त्यांना जे म्हणायची ते मी लिहीत नाही.

एकदा भावकीत एका लग्नाच्या याद्या होत्या. मुलाचा बाप हुंड्याचा आकडा सांगून अडून बसला. मुलीचा बाप मान खाली घालून गप्प. बैठकीत कोपऱ्यात बसलेले काका सवयीने उभे राहिले आणि पुकारू लागले, "नवरा मुलगा एक. उंची बरी. मॅट्रिकला दोनदा बसला, एकदाही उठला नाही. दात स्वतःचे. माल बघून घ्या, मागाहून तक्रार चालणार नाय. बोला." म्हणे मुलाच्या बापाने लाजून हुंड्याचा विषयच सोडला. मला ही गोष्ट तीन जणांनी सांगितली आणि तिघांनीही शेवट निरनिराळा सांगितला. एकाच्या शेवटात काकांना ओसरीवरून ढकलून दिलं होतं. तोच मला खरा वाटतो. मात्र त्यानंतर याद्यांना त्यांना कुणी बोलावलं नाही, यावर तिघांचंही एकमत होतं.

आता पाटाची गोष्ट सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही.

घरात माजघरातल्या खाटेखाली सागाचा एक जाड पाट असायचा. बसायचा नव्हे. त्यावर काकांनी तापल्या सळईने डागून घरांच्या दोन रांगा काढल्या होत्या, एक या बाजूच्या माणसाची, एक त्या बाजूच्या. खेळ दोघांचा. तिसऱ्याला त्यात जागाच नाही. मधे काहीतरी 'माल' ठेवायचा आणि ज्याला तो हवा त्याने आपल्या रांगेत चिंचोके मांडायचे. दुसऱ्याला हवा असेल तर त्याने त्याच्यापेक्षा जास्त मांडायचे. जवळ असतील त्याहून जास्त बोलायचं नाही. एकवार, दोनवार, तीनवार झालं की माल जास्त बोलणाऱ्याचा. इथपर्यंत जगात सगळीकडे असतं तसंच. पण काकांच्या खेळात एक कलम निराळं होतं. जिंकणाऱ्याचे मांडलेले चिंचोके हरणाऱ्याला मिळायचे.

मी पहिल्यांदा खेळायला बसले तेव्हा हे मला उलटंच वाटलं. मी विचारलं, असं का? काका म्हणाले, "जन्मभर पैसा धन्याकडं जाताना बघितला. घेणारा मोकळा झाला, न मिळणारा हात हालवत गेला, धन्याचं पोट वाढलं. हितं धनी कोण नाय. दोघंच. मग जिंकणाऱ्यानं द्यायचं ते कुणाला देल?"

माझ्याशी ते काडेपेटीच्या चित्रांसाठी खेळत. हत्तीची, जहाजाची, दोन तलवारींची अशी चित्रं त्यांनी वर्षानुवर्षं सोडवून ठेवली होती. जहाजासाठी मी एका संध्याकाळी सगळे चिंचोके उधळले आणि मग पुढच्या प्रत्येक डावात हात चोळत बसले. हेच त्या खेळातलं विष होतं. आज जिंकलात की उद्यासाठी समोरच्याला श्रीमंत करून ठेवलंत. काका मला हे दर वेळी समजावून सांगत आणि स्वतः दर वेळी विसरत. त्यांच्याकडे जहाजं, हत्ती, तलवारी ढीगभर होत्या आणि चिंचोके मूठभर. माल पुकारला गेला आणि तो आपल्याला मिळाला नाही, हे या माणसाला सहनच होत नसे. जन्मभर दुसऱ्यांसाठी पुकारलं होतं ना.

काकी चित्रांसाठी कधी खेळली नाही. तिचा आणि काकांचा खेळ खऱ्या मालाचा होता. लग्नानंतरच्या पहिल्या पावसात वखार बंद, घरात दोघंच आणि रोज भांडण. तेव्हा काकांनी पाट केला, शेरभर चिंचोके तिला दिले, शेरभर स्वतःला घेतले आणि सांगितलं, आता तोंड वाजवायचं नाय, हितं काय ते बोल. आपल्याकडे बोलणं म्हणजे तोंडाने बोलणंही आणि बोली लावणंही. काकी दोन्ही अर्थांनी गप्प बाई. घराला रंग कुठला, म्हैस ठेवायची की विकायची, तिच्या बहिणीकडे बारशाला जायचं की त्यांच्या भावाकडे पूजेला, सगळं पाटावर यायचं. ती दोन-चार चिंचोके मांडायची, काका उसळून दुप्पट मांडायचे, नात्याचे शेठ आणखी चढवायचे, आणि काका स्वतःच्याच शेठवर मात करून माल घ्यायचे. काकी त्यांचे चिंचोके मुकाट्याने गोळा करायची आणि फडताळातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. त्या घरात सगळं काकांच्या मनासारखं होतं. काकांचे चिंचोके मात्र तंबाखूच्या डबीत मावत होते, आणि काकीचा डबा उतरवायला दोन हात लागत.

मी एकदा तिला विचारलं, काकी, तुम्ही बोलत का नाही? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्यांना जिंकायला आवडतं. आणि खरं सांगू बाय, म्हैस ऱ्हायली काय न् गेली काय."

पाटावर न आलेली एक गोष्ट मला माहीत आहे. मी राहायला गेल्यावर महिन्याभरात शेजारची एक बाई काकीला सांगून गेली की मास्तरणीला पाण्याला वेगळा हंडा द्या, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. मी खोलीत होते. मला सगळं ऐकू आलं. खोलीतली भगवान बुद्धांची तसबीर काढून ट्रंकेत भरायला घ्यावी का, असा विचार मी करत होते. काकांनी सवयीने खाटेखालून पाट ओढला. शेजारीण काय सांगते त्यावर काय करायचं, हा त्यांच्या दृष्टीने एक माल होता. काकीने पायाने पाट परत आत सारला. "ह्ये पुकारायचं नाय," एवढंच म्हणाली. आणि माझ्या दाराशी येऊन विचारलं की नळ आलाय, तू भरतेस की मी भरू. त्या दिवसापासून काकी मला माझी वाटू लागली, ती आजवर.

त्यांचा मुलगा ठाण्याला एका कंपनीत होता; घरात ठाण्यालाही मुंबईच म्हणत. एका शिमग्याला तो आला तो आईला न्यायलाच. सून दवाखान्यात नोकरीला, मूल आठ-नऊ महिन्यांचं, सांभाळायला ठेवलेली मुलगी पळून गेलेली. खोली एवढीशी, त्यात सुनेचा भाऊही. जागा एकाचीच होती. मुलगा हे सगळं भिंतीकडे बघत सांगत होता. बापाला नको असं त्याला म्हणायचं नव्हतं, पण म्हणावं लागत होतं.

काका म्हणाले, ती येणार नाय. मग म्हणाले, पोराला हितं आणून ठेव. मग म्हणाले, त्या मुंबईच्या हवेत तिला खोकला होतो. काकी मुंबईला आयुष्यात एकदाच गेली होती आणि खोकला काकांना झाला होता. बोलता बोलता त्यांचा तो खडा आवाज खाली खाली यायला लागला. मला कळत होतं की हा माणूस घाबरलाय. चूल कशी पेटवतात ते त्यांना येत नव्हतं, पण भीती चुलीची नव्हती. लग्न झाल्यापासून ते त्या घरात एकदाही एकटे निजले नव्हते.

दुपारची जेवणं झाली. काकीने भांडी घासली, हात पुसले आणि खाटेखालून पाट काढला. तिने स्वतःहून पाट काढलेला मी कधी पाहिला नव्हता. काकांनीही नसावा, कारण ते नुसते बघत राहिले. मग ती फडताळाशी गेली आणि डबा दोन्ही हातांनी उतरवून आणला.

"पुकारायला बाई बसंल," ती म्हणाली. "तुमी नको."

सातवीच्या पोरांवर ओरडून माझा घसा चांगला तयार झालेला होता, म्हणून मी पाटाच्या कडेला जाऊन बसले. माल काय, ते काकीने सांगितलं: तिचं मुंबईला जाणं. काका जिंकले तर ती राहणार, ती जिंकली तर जाणार. मुलगा उठून ओसरीवर जाऊन बसला. हा काय पोरखेळ, असं पुटपुटला, पण कान आतच होते.

काकांनी डबी उघडून पाच मांडले. काकीने सहा. काकांनी थांबून दोन वाढवले. काकीनेही दोन वाढवले. काकांनी डबी पाटावर पालथी केली, बुडाला चिकटलेले नखाने खरवडून काढले आणि सगळे ओळीने मांडले. एक डझनभर झाले असतील. काकीपुढे डबा होता. तो कुणीही मोजला नाही, मोजायची गरजच नव्हती.

काका रिकाम्या दाराकडे वळले. "नात्याचे शेठ म्हणतायत..."

"नात्याचं कोण नाय हितं," काकी म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली. "आपण दोघंच हाव."

काकांनी मान खाली घातली. आता काकीने त्यांच्यापेक्षा एकच चिंचोका जास्त मांडला असता तरी माल तिचा होता. एवढा साधा हिशोब काडेपेटीच्या चित्रांवर शिकलेल्या मलाही कळत होता. काकीने डबा उचलला आणि सगळाच्या सगळा पाटावर ओतला. कधीतरी मांडलेले, चिडून मांडलेले, उसळून मांडलेले काकांचेच ते सगळे चिंचोके, पाटावरून सांडून माजघरभर घरंगळत गेले.

"एवढे कशाला?" काका खरोखरच रागावले. "एक जास्त टाकलास तरी पुरत होतं. एवढी वर्षं माझ्यासंगं ऱ्हाऊन तुला लिलाव कळला नाय गो?"

"पुकार बाय," काकी मला म्हणाली.

मी पुकारलं. एकवार, दोनवार, तीनवार. काकीने दोन्ही हातांनी तो ढीग काकांकडे सारला. "ह्ये तुमचे."

काका पुटपुटत चिंचोके गोळा करू लागले. बायकांना धंदा कळत नाय, उधळमाणक्या असतात, असं काहीबाही चाललं होतं. गुडघ्यावर रांगत ते खाटेखालचे, दारामागचे वेचत होते. वेचता वेचता त्यांचा हात थांबला. त्यांनी काकीकडे पाहिलं. तिच्या मांडीजवळ डबा रिकामा पडला होता. घरातला एकूण एक चिंचोका आता त्यांचा होता. आणि जिच्याकडे काही नाही तिला पुढच्या मालावर बोलता येत नाही, हा नियम त्यांनीच केलेला होता. ते हळूहळू पाटाशी येऊन बसले. मला त्यांचा चेहरा अजून दिसतो. जन्मभर लोकांच्या बोलीवरून त्यांच्या पोटातलं ओळखणारा माणूस, आणि बायकोची बोली ओळखायला त्याला रांगावं लागलं.

"बाई," ते म्हणाले, "दुसरा माल."

"कुठला?"

"हिचं परत येणं."

त्यांनी आपल्या रांगेत एक चिंचोका ठेवला. एकच. उसळले नाहीत, चढवला नाही, दाराकडे पाहिलं नाही. मी काकीकडे पाहिलं. ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली होती. मी एकवार म्हटलं. दोनवार म्हटलं. आणि काकीच्या रिकाम्या डब्याकडे बघत राहिले.

"थांबलीस का?" काकी म्हणाली. "तीनवार म्हण की."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली. जिंकणाऱ्याने द्यायचा तो एक चिंचोका तिने पदराला बांधून घेतला होता. काका स्टँडवर आले नाहीत. घरी ते चूल फुंकत होते आणि घरभर धूर झाला होता.

ती परत येईपर्यंत त्यांनी मला एकदाही खेळायला बोलावलं नाही. चहा मात्र करायला शिकले, म्हणजे गूळ जास्त आणि पत्ती त्याहून जास्त असा. तो मला रोज प्यावा लागे. संध्याकाळी ते ओसरीवर बसत आणि गाडीचा आवाज आला की मान वर करत, मग ती गाडी महाडहून येणारी असो की महाबळेश्वरहून. मला त्यांची फार माया वाटायची आणि ती दाखवायची सोय नव्हती, म्हणून मी दुसरा कप मागून घ्यायची.

मूल चालायला लागलं, बालवाडीत रमलं, आणि मुलगा आईला घेऊन आला. मी स्टँडवर गेले होते; काकी उतरताच त्याने माझ्याकडे तक्रार केली. तिकडे तिला काय कमी होतं? आता मोठी खोली घेतलीय, वडिलांनाही नेतो म्हटलं मागाहून. पण ऐकत नाही. म्हणते, माझा लिलाव झालाय, माल ठरल्या जागी पोचता केला पायजे. तुम्हीच सांगा बाई, शिकलेल्या माणसाने यावर काय म्हणायचं? मी काकीची पिशवी उचलली. काकी तोवर भराभरा घराच्या वाटेला लागली होती.

माजघरात पाट मांडलेला होता. काका त्याच्यामागे घडीचं धोतर नेसून बसले होते. पाटावर चिंचोक्यांचे दोन सारखे ढीग केलेले. आपल्याकडे वाटणीत एकाने वाटे करावे आणि दुसऱ्याने उचलावे, अशी रीतच आहे. "उचल," काका म्हणाले. "कुठला पायजे तो."

काकीने दोन्ही ढिगांकडे पाहिलं. मग फडताळातला डबा काढला, हाताने दोन्ही ढीग एकत्र केले आणि सगळे त्यात लोटून झाकण लावलं.

काकांचा चेहरा पडला. "अगो, मग आता भांडायचं कशानं?"

"तोंडानं," काकी म्हणाली, आणि त्यांनी केलेल्या चहाचा पहिला घोट घेऊन तिने सुरुवात केली.